ट्रॅक्टर आधी सरीत चालवून दाखवा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी साखर कारखाने.



हे पत्र ऊसदराबद्दल नाही. आधीच सांगतो, म्हणजे आपण पुढे वाचाल. एफआरपी, काटा आणि तोडणीच्या क्रमपाळीवर लिहिणारे जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मला बोलायचंय ते मिनी ट्रॅक्टरबद्दल. हा विषय कंपनी, डीलर आणि गिऱ्हाईक यांच्यातला, कारखान्याचा त्यात काय संबंध, असं आपल्याला वाटेल. संबंध आहे. तो नीट दाखवता यावा म्हणून थोडं लांबण लावतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच लाखांच्या यंत्रावर पस्तीस हजारांचा फरक पडला. त्यात बैलजोडी सांभाळणं बंद झालेलं, भांगलणीला बायका मिळेनात, पॉवर टिलरमागं दिवसभर चालायला पोरं तयार नाहीत. त्यामुळे गावागावात दीड-दोन एकरवाले सभासद हातात कोटेशन घेऊन फिरताहेत. मी त्यांच्यातलाच एक. करवीर तालुक्यात माझी दोन एकर जमीन आहे, तीही तीन तुकड्यांत. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषी गणनेत एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ ला ती १.३४ हेक्टरवर आली. आपल्या जिल्ह्यातली सरासरी त्याहून खाली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. सातबाऱ्यावर तो काय करायचं ते करतो, रानात मात्र भावकीचे बांध पडायचे थांबत नाहीत.

असा माणूस शोरूममध्ये गेला की पहिला प्रश्न येतो, ‘किती एचपीचा बघताय, दादा?’ तिथेच गडबड सुरू होते. आपल्या देशात ट्रॅक्टर जगात सगळ्यात जास्त विकले जातात आणि त्यांतला मोठा वाटा चाळीस ते पन्नास अश्वशक्तीच्या यंत्रांचा. डीलरला तेच विकायचं असतं. ‘थोडं वर जा, पुढं विकताना किंमत येईल, ट्रॉली ओढेल, भाड्यानं चार पैसे मिळतील.’ यातलं खोटं काही नाही. फक्त ते यंत्र माझ्या उसात शिरणार नाही, एवढंच त्यात येत नाही. लहान घ्यायचा म्हटलं तर महिंद्राचा पंधरा अश्वशक्तीचा युवराज, स्वराजचा २०२१ साली आलेला अकरा अश्वशक्तीचा कोड, कुबोटाचा चोवीसचा बी २४४१, महिंद्राचेच जिवो आणि २०२३ साली आलेला ओजा, राजकोटच्या कॅप्टनचे ट्रॅक्टर अशी बरीच नावं समोर येतात. नावांची ददात नाही. यांतला माझ्या रानात कुठला चालेल, हे सांगणारं कोणी नाही.

उसाच्या माणसानं ट्रॅक्टर निवडायचा म्हणजे आधी सरी मोजायची, अश्वशक्ती त्यानंतर. मिनी ट्रॅक्टर बाहेरून बाहेर साधारण तीन फूट रुंद धरू. साडेचार फुटी सरी म्हणजे चोपन्न इंच. त्यातून यंत्राचे छत्तीस गेले, उरले अठरा, म्हणजे दोन्ही अंगांना नऊ-नऊ इंच. आता उसाचं बेट काही रेघेसारखं उभं नसतं. फुटवे धरून ते फूटभर तरी पसरतं, त्यातला अर्धा फूट आपल्या सरीत येतो. नवातून सहा गेले. उरले तीन इंच. चालवणारा जाणता असेल आणि सरी सरळ असेल तर तीन इंचात भरणी, म्हणजे उसाला माती लावणं, होते. सरी साडेतीन फुटी असेल तर हाच हिशेब मांडून बघा. बेचाळीसमधून छत्तीस गेले की राहिले सहा, बाजूला तीन-तीन, आणि बेट सहा इंच आत आलेलं. म्हणजे चाक फुटव्यावर. अशा रानाला पॉवर टिलरच बरा, किंवा अडीच फुटांच्या आतलं एखादं अरुंद यंत्र. आणि आपल्या कार्यक्षेत्रात तीन-साडेतीन फुटी सरी अजून किती आहे, ते आपल्या शेती खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

रुंदीचा हा हिशेब मी कुठल्याच जाहिरातीत पाहिला नाही. माहितीपत्रकात एकूण रुंदी दिलेली असते, पण मिलिमीटरमध्ये आणि शेवटच्या पानावर. चाकांतलं अंतर कमी-जास्त करता येतं का, टायर उलटे बसवले तर किती इंच वाचतात, पोटाखाली किती जागा आहे, हे विचारलं तर ‘ते मेकॅनिक सांगेल’. पोटाखालची जागा का, तर बाळबांधणीला ऊस गुडघ्याएवढा असतो आणि कुठलंही यंत्र बऱ्यापैकी चालतं. मोठी भरणी चार-साडेचार महिन्यांनी येते. तेव्हा पाला दोन्हीकडून सरीत झुकलेला असतो, चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही, रेडिएटरच्या जाळीत पाचट अडकतं. यंत्राची खरी परीक्षा त्या दिवशी. शोरूममधली चक्कर मात्र डांबरी रस्त्यावर असते.

दुसरी गोष्ट वळणाची. दहा गुंठ्यांचा तुकडा घ्या, म्हणजे १०,८९० चौरस फूट. तो तेहतीस फूट रुंद आणि तीनशेतीस फूट लांब असेल आणि वळायला दोन्ही टोकांना नऊ-नऊ फूट सोडले, तर जेमतेम अर्धा गुंठा वळणात जातो. तोच तुकडा सहासष्ट बाय एकशेपासष्ट असला आणि सऱ्या लांबीनंच धरल्या, तर एक गुंठ्याहून थोडा जास्त. आणि वळायला नवाऐवजी चौदा फूट लागणारं यंत्र आणलं, तर त्याच तुकड्यात पावणेदोन गुंठे. दहातले पावणेदोन! एवढी जागा ट्रॅक्टरला दर साल आंदण द्यायची, का, तर पुढे विकताना किंमत येईल म्हणून. वळणात आडव्या सऱ्या धरता येतात, नाही असं नाही. पण चाकानं तुडवलेल्या त्या पट्ट्यात ऊस कसा येतो, ते लावणीच्या नोंदी घेणाऱ्या आपल्या कुठल्याही चिटबॉयला विचारा.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि इथे लोकांची समजूत दोन्ही बाजूंनी चुकते. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या घरात जातो, मिनी बहुतेक एका टनाच्या आत. शिरोळ-हातकणंगल्याच्या भारी काळ्या रानात, पुराचं किंवा पाटाचं पाणी ओसरल्यावर वाफसा यायला वेळ लागतो, जायला मात्र फार वेळ लागत नाही. तिथं हलकं यंत्र दोन दिवस आधी आत जातं आणि जमीन कमी दाबतं, हा मोठाच फायदा. पण हलकेपणामुळेच ते खोडवा मोडू शकत नाही. दोन खोडवी घेतलेलं रान पलटी नांगरानं फाडायचं तर वजन लागतं आणि ओढही. पाचट कुट्टीलाही तेच. ज्यानं मिनी घेतला त्यानं तीन वर्षांतून एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्यानं आणायचाच, हे धरून चालावं. भाड्यानं नांगरट करून घेण्यात काही कमीपणा नाही. पंधरा अश्वशक्तीच्या यंत्राला नांगराला जुंपून त्याचा क्लच जाळण्यात आहे.

पश्चिमेकडे गोष्ट आणखी वेगळी. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा इकडे तांबडी जमीन, भातखाचरं, उतार. चिखलणीला पुढची चाकं ओढत नसतील तर यंत्र रुततं, तिथं फोर व्हील ड्राइव्ह ही चैन नव्हे. पण सपाट उसाच्या रानात भरणीसाठीच घेणार असाल तर त्यावर लाखभर जास्त घालवायची घाई करू नका, असं मी माझ्या ओळखीच्यांना सांगतो. आणि अरुंद यंत्र उतारावर उलटतं, हेही सांगतो. उसात शिरावं म्हणून चाकं आत घेतलेला ट्रॅक्टर बांधावरून आडवा उतरवला की एक चाक खाली गेलं, एवढंच पुरतं. डोक्यामागची लोखंडी कमान आणि पट्टा यावर आपल्याकडे लोक हसतात. हसू द्यात.

ट्रॉलीचा मोह सगळ्यात वाईट. गाळप सुरू झालं की आपल्या तळावर ट्रक आणि मोठ्या ट्रॅक्टरांच्या रांगेत लहान ट्रॅक्टरला गाडी जोडलेले ते ‘अंगद’ उभे असतात. ते बघून सगळ्यांना वाटतं, आपणही भरणीच्या यंत्रानं हंगामात वाहतूक करू आणि हप्ता काढू. सपाटीला, जवळच्या जवळ, जमतही असेल. पण हलक्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या भरलेल्या गाडीचं वजन उतारावर धरत नाहीत. तिथे चूक चालवणाऱ्याची नसते, हिशेबाची असते. आणि तो हिशेब करून न बघता त्याला वाहतुकीचा करार देणारा कारखानाही त्यात येतो, साहेब.

आता पैशाचं. यंत्र आणि अवजारं मिळून पाच लाख धरा, दहा वर्षं चालेल असं धरा. वर्षाला पन्नास हजार नुसती झीज. माझ्या अंदाजानं रोटर, सरी, बाळबांधणी, भरणी, औषध फवारणी असं सगळं धरून उसाच्या एकराला वर्षाला पंचवीसेक तास काम निघतं. माझ्या दोन एकराला पन्नास तास. म्हणजे तासाला हजार रुपये, डिझेल, व्याज आणि दुरुस्ती सोडून. त्यापेक्षा भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. तेच यंत्र सोळा एकरांवर फिरलं तर चारशे तास होतात आणि झीज तासाला सव्वाशेवर येते. दोन एकरवाल्यानं एकट्यानं ट्रॅक्टर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यावरून घरात थोरला मुलगा माझ्याशी बोलत नाही, तो भाग वेगळा.

‘मग आठजणांनी मिळून घ्या की,’ असं म्हणणारे कधी आठजणांत राहिलेले नसतात. वाफसा सगळ्यांना एकाच दिवशी येतो. ज्याच्या दारात यंत्र, त्याची भरणी पहिली. डिझेल किती घातलं यावरून भांडण, रोटरचं पातं कुणाच्या दगडानं मोडलं यावरून भांडण. सामाजिक न्याय विभागाची एक चांगली योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदानावर, म्हणजे ३ लाख १५ हजार शासनाचे आणि पस्तीस हजार गटाचे. गटानं यंत्र बाळगावं हे शासनाला मान्य आहे, याचा हा पुरावा. पण त्यातही मोजमाप अश्वशक्तीचंच आहे आणि अवजारांच्या यादीत भरणीचा रिजर नाही, ट्रेलर आहे. उसाच्या पट्ट्यातल्या गटाला भरणीचं अवजार स्वतःच्या पैशानं घ्यावं लागतं आणि रस्त्यावर धावायचं अनुदानातून मिळतं.

गटाचं भांडण मिटवायची चावी आपल्याकडे आहे, आणि म्हणून हे पत्र कृषिमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितोय. प्रत्येक कारखान्याकडे लावणीची नोंद असते. कोणत्या गटात, कुणी, कोणत्या तारखेला, कोणती जात लावली, हे चिटबॉय लिहून घेतो आणि त्यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. तो किती पाळला जातो, हे मी आज काढत नाही. पण लावणीची तारीख कळली की भरणीचा पंधरवडाही कळतो. ज्या वहीवरून टोळी पाठवता, त्याच वहीवरून ट्रॅक्टरची पाळी लावता येईल. आठजणांत तारखांची बोलाचाली करायची वेळच येणार नाही. पाळी गट ऑफिसच्या फळ्यावर लागेल आणि तासांचे पैसे ऊस बिलातून कपात होतील. कपात करण्यात आपला हात कोण धरणार? खतांचे, बेण्याचे, पाणीपट्टीचे पैसे आपण वर्षानुवर्षं बिनचूक कापत आला आहात.

सरीची रुंदीही बऱ्याच अंशी आपल्याच हातात. ऊस तोडणी यंत्राला साडेचार-पाच फुटी सरी हवी म्हणून सध्या आपल्या सभांमधून रुंद सरीचा प्रचार चाललाय. राज्यानं २०२३ साली नऊशे तोडणी यंत्रांना अनुदान मंजूर केलं, एका यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांतलं जे कमी असेल ते. एका यंत्राच्या अनुदानात पाच-पाच लाखांचे सात मिनी ट्रॅक्टर अवजारांसकट उभे राहतात. तोडणी यंत्राला माझा विरोध नाही, तोडणी कामगारांची टंचाई मी पण बघतोच आहे. पण दहा गुंठ्यांच्या तुकड्यात ते यंत्र वळेपर्यंत तुकडा संपतो. तेव्हा लहान सभासदाला रुंद सरी धरायला सांगताना खरं कारण सांगा. त्याचा फायदा तोडणीला होईल न होईल, भरणीला नक्की होईल. मग तो ऐकेल. लावण चुकली की पुढची तीन वर्षं, खोडवी धरून, तीच सरी राहते. म्हणजे ट्रॅक्टर निवडायचा क्षण शोरूममधला नाही, लावणीच्या आधी रिजर धरायचा तो आहे, आणि त्या क्षणी रानात आपला माणूस असतो, डीलरचा नसतो.

मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची शेतीयंत्रं तपासणारी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर चालवून, ओढायला लावून, पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, खरी ताकद किती मिळते, तासाला डिझेल किती लागतं, किती जागेत वळतो, वजन किती, हे सगळं मोजलं जातं. तो अहवाल छापलेला असतो, इंग्रजीत, पानंच्या पानं. इंजिनाची अश्वशक्ती आणि पीटीओची अश्वशक्ती यांत फरक असतो आणि रोटर फिरतो तो पीटीओवर, एवढं एक वाक्य जरी प्रत्येक गट ऑफिसात लावलं तरी कित्येकांचे पैसे वाचतील. आपल्या शेती खात्यात कृषी पदवीधर भरपूर आहेत. जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या मिनी ट्रॅक्टरांच्या अहवालांतून रुंदी, वजन, वळण, पीटीओची ताकद आणि डिझेल एवढंच काढून मराठीत एका पानावर छापायला त्यांना आठवडाभरसुद्धा लागू नये. रुंदी इंचांत द्या.

आणि प्रात्यक्षिक घ्या. सुरू उसाची मोठी भरणी मे-जूनच्या सुमाराला येते. प्रत्येक कारखान्यानं एका गटात, एका सभासदाच्या खऱ्याखुऱ्या रानात, पाला झुकलेल्या उसात, निदान पाच-सहा कंपन्यांची यंत्रं एकाच दिवशी चालवावीत. प्रत्येकाला सारख्या सऱ्या द्या. कुणी किती वेळ घेतला, किती डिझेल पिलं, किती फुटवे मोडले, हे सभासदांच्या देखत मोजा आणि फळ्यावर लिहा. कंपन्या येतील, न येऊन सांगतात कुणाला, एवढं मोठं गिऱ्हाईक आहे. पश्चिमेकडच्या कारखान्यांनी जुलैत चिखलणीला असंच करावं. कृषी प्रदर्शनात मांडवाखाली रंगीत पताका लावून उभं केलेलं यंत्र बघून बघून आम्ही थकलो. राजर्षी शाहू महाराजांनी शेतकऱ्याला नवी तंत्रं आणि अवजारं कळावीत म्हणून १९१२ साली किंग एडवर्ड अॅग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट काढली. तेव्हा तर इथं साखर कारखानाही नव्हता, ट्रॅक्टर तर दूरच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिरांनाही त्या दिवशी बोलवा. कसबी कारागीर म्हादबा मेस्त्रींच्या या गावात ऑइल इंजिनं घडली. आपल्या मातीला आणि आपल्या सरीला बसेल असा भरणीचा रिजर इथल्या भट्टीत आणि लेथवर होऊ शकतो. ट्रॅक्टरची कंपनी तो करणार नाही, तिला सबंध देश सांभाळायचा असतो.

दुरुस्तीचं थोडक्यात. ज्या यंत्राचा मेकॅनिक तालुक्याच्या गावात नाही आणि ज्याचे क्लच प्लेट, फिल्टर, पट्टे दुकानात मिळत नाहीत, ते कितीही स्वस्त असलं तरी प्रात्यक्षिकाला घेऊ नका. भरणीच्या आठवड्यात यंत्र बंद पडून सुटा भाग परगावाहून यायची वाट बघणं म्हणजे काय, हे मी एका शेजाऱ्याच्या रानात पाहिलंय. शेवटी त्यानं कुदळीनं माती लावली.

बँकेचं एक विसरत होतो. जिल्हा बँक आणि गावच्या सोसायट्या कर्ज देताना जमीन किती आणि ऊस किती बघतात, सरी किती फुटी हे कुणी विचारत नाही. आपल्यातले बरेचजण त्या बँकेच्या संचालक मंडळातही बसतात, तेव्हा हे पत्र तिकडेही न्यावं. मिनी ट्रॅक्टरच्या कर्ज प्रकरणाला चिटबॉयचा एक दाखला जोडायला सांगा. सभासदाची सरी अमुक फूट, क्षेत्र अमुक, तुकडे अमुक, गटात आणखी अमुकजण. हा दाखला बघून एखाद्याचं कर्ज नाकारलं, तर तो चिडेल. चिडू द्या. सातबाऱ्यावर पाच लाखांचा बोजा चढवून नंतर भरणीला पॉवर टिलरच भाड्यानं आणणारा माणूस यापेक्षा जास्त चिडलेला असतो.

प्रात्यक्षिकाला रान मिळत नाही, अशी अडचण कुणी सांगू नये म्हणून माझं देऊ करतो. बारा गुंठ्यांचा तुकडा आहे, रस्त्याला लागून, सुरूची लावण. अर्ध्यात पावणेपाच फुटी सरी, अर्ध्यात वडिलांच्या हिशेबाची साडेतीन फुटी. दोन्हीत यंत्रं चालवून बघता येतील. मोडलेल्या फुटव्यांची भरपाई मागणार नाही आणि त्या दिवसाचं डिझेल माझं. तारीख मे महिन्यातली ठरवा. वळीव झालेला असला तर दोन दिवस पुढे ढकला, ओल्या रानात कुठलंच यंत्र खरं बोलत नाही. गट ऑफिसला निरोप ठेवलात की मला पोचेल.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद,
करवीर तालुका